तुइस्कू आमच्याकडे होता तेव्हा

मी लहानपणापासून काळजी करणारी. शाळेची बस दोन मिनिटं उशिरा आली की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि वेळेवर आली तर आता दुसरं काय बिघडणार म्हणून यायचा. आई म्हणायची, हिला काळजी करायला घरात काही मिळालं नाही तर ही शेजारून मागून आणेल. त्या वसंतात मी ती खरोखरच शेजारून आणली. चार पायांची, काळी, भुवयांवर आणि पायांवर तांबूस, हात घातला तर मनगटापर्यंत बुडेल एवढ्या दाट केसांची. शेपटी पाठीवर वळवून ठेवलेली, कान उभे, आणि आवाज असा की आमच्या गल्लीच्या टोकाला टपालाची गाडी वळली तरी तिची वर्दी अख्ख्या ट्रॉय गावाला मिळावी. त्याचं नाव तुइस्कू.

तुइस्कू आमच्या शेजारणीचा, एल्सीचा. एल्सी तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. तिचे पूर्वज फिनलंडहून येऊन मिशिगनच्या उत्तर टोकाला तांब्याच्या खाणींत कामाला लागलेले. माणसं इकडची झाली तरी कुत्रा तिकडचाच हवा, असा तिचा हट्ट होता. ही जात म्हणजे फिनिश लॅपहुंड. तिकडे पार उत्तरेला बर्फात सामी नावाचे लोक रेनडिअरचे कळप पाळतात, ते कळप वळवून आणणारा हा कुत्रा, असं तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि रेनडिअर म्हणजे नाताळच्या कागदावर छापतात ते, एवढीच माझी समजूत होती. आई अमेरिकेत नवीन असताना एल्सीनंच तिला बर्फात गाडी चालवायला शिकवलं होतं. त्यामुळे एल्सीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि पुढचे सहा आठवडे तिला रिहॅबमध्ये, म्हणजे पुन्हा चालायला शिकवतात त्या केंद्रात, काढावे लागणार असं कळलं, तेव्हा कुत्रा कुठे जाणार हा प्रश्न आमच्या घरात फार वेळ चालला नाही. आईनं विचारलं, "करशील ना सगळं?" मी "हो, आय विल" म्हणाले आणि त्या रात्रीपासून माझी झोप उडाली.

एल्सीनं मला दोन पानं लिहून दिली. किती वाजता फिरवायचं, केस कसे विंचरायचे, उन्हाळा म्हणून कापायचे मात्र नाहीत, वगैरे. शेवटी लाल शाईत, काय खायला द्यायचं नाही त्याची यादी. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, बेदाणे. ती पानं मी फ्रिजवर लावली आणि परीक्षेसारखी पाठ केली. एल्सी म्हणाली, "सगळ्यांना सांगून काही होत नसतं. कुणीतरी एकानं जबाबदार असावं लागतं. ती तू." हे वाक्य तिनं सहज म्हटलं असेल. मी ते आजतागायत विसरलेले नाही.

घरात त्या वेळी आम्ही चौघं होतो. आई, बाबा, मी, आणि आईचे वडील. आजी गेल्यावर आईनं आजोबांना सहा महिन्यांसाठी तासगावहून आणलं होतं. आजोबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म स्टँडवर गाड्या सोडण्यात गेलेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट करताना मनगटावरच्या घड्याळाकडे एक नजर टाकायची त्यांची सवय होती. चहा घेतला तरी वेळ बघायचे, दाढी केली तरी बघायचे. आल्यापासून ते फारसे बोलत नव्हते. मागच्या काचेच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे आणि अंगणातल्या खारी बघत राहायचे. बॅगेतून त्यांनी दोन किलो बेदाणे आणले होते, आमच्याच गावचे म्हणून, आणि दिवसातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या तळहातावर चार बेदाणे ठेवायचे. तेवढं करताना त्यांचा चेहरा जरा उजळायचा.

कुत्र्यांची त्यांना भीती होती. तरुणपणी डेपोत कुत्रा चावून पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तुइस्कू आला त्या दिवशी ते पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मृणू, याला माझ्याकडे सोडू नको बाई." पण तुइस्कूच्या धंद्यात हे बसत नव्हतं. त्याला घरातली माणसं एका जागी लागायची. आई स्वयंपाकघरात, बाबा बेसमेंटमध्ये कॉलवर, मी वर अभ्यासाला, अशी आमची पांगापांग झाली की लाकडी जमिनीवर त्याच्या नखांची टकटक सुरू व्हायची. तो आधी माझ्याकडे यायचा, नाकानं माझ्या पोटरीला ढुशी द्यायचा, मग खाली बाबांकडे, मग परत वर. कुकरची शिट्टी झाली की हातभर मागे उडी मारायचा आणि लगेच वळून काय झालं ते बघायला परत यायचा. एल्सी म्हणायची, शिंगं चुकवायची उडी आहे ती, त्यांच्या रक्तातच असते. संध्याकाळी जेवायला सगळे एका टेबलाशी बसले की तो दारात आडवा पडून मोठा सुस्कारा सोडायचा. आम्ही हसायचो. एक दिवस आजोबांनी हे सगळं काचेतून बघितलं आणि म्हणाले, "हा मोजतोय. गाडी सोडायच्या आधी कंडक्टर मोजतो ना, तसा." त्या दिवसापासून ते त्याला तुक्या म्हणायला लागले. हात मात्र लावत नव्हते.

मे महिन्यात बाबांच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन आलं. ते येईपर्यंत घरात काय वातावरण होतं ते मी इथे लिहीत बसत नाही. ज्यांनी ते काढलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही काढलं त्यांना सांगून कळायचं नाही. ते आलं म्हणून आईनं एका रविवारी सत्यनारायण घातला. गुरुजी म्हणजे आठवडाभर बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करणारे एक काका, रविवारी सोवळं नेसून कथा सांगायचे. चाळीसेक माणसं आली. गॅरेजमध्ये चपलाबुटांचा ढीग लागला. प्रसादाचा शिरा आजोबांनी हट्टानं स्वतः केला. सव्वा किलो रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, केळी, आणि तासगावचे बेदाणे. आई म्हणाली, "बाबा, बेदाणे फार होताहेत." आजोबा म्हणाले, "होऊ देत. इथं कुणाला खायला मिळतात असले?" तो रवा भाजल्याचा वास मला अजून आठवतो.

तुइस्कूला आधी बेसमेंटमध्ये ठेवलं होतं. पण डोक्यावर चाळीस माणसं आणि हा खाली, म्हणून त्यानं कथेच्या दुसऱ्या अध्यायापासून असं भुंकायला घेतलं की गुरुजीच म्हणाले, "अहो, सोडा त्याला वर. त्यालाही ऐकू दे." आरतीपर्यंत तो खूश होता, कारण सगळे एका खोलीत होते. आरती संपली आणि कळप फुटला. पुरुष बेसमेंटमध्ये गेले, बायका स्वयंपाकघरात, मुलं वर माझ्या खोलीत. तुइस्कूची नुसती धावपळ झाली. आईनं मला सकाळीच बजावलं होतं, "आज पाहुण्यांसमोर नीट वाग. आजोबांना उलट उत्तरं नकोत, ते काय म्हणतील ते ऐक. बऱ्याच दिवसांनी जरा बरे दिसताहेत." मी पाण्याचे पेले गोळा करत काचेच्या खोलीच्या दारापाशी आले.

आजोबा खुर्चीत एकटेच बसले होते. मांडीवर शिऱ्याचा कागदी द्रोण, वर त्यांच्या आवडीप्रमाणे मूठभर जास्तीचे बेदाणे. तुइस्कू त्यांना न्यायला आला होता. त्यानं त्यांच्या गुडघ्याला नाकानं ढोसलं, मागे गेला, परत ढोसलं. आजोबांनी पाय वर घेतले नाहीत. ते हसले, आणि उजवा हात त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला. आजी गेल्यापासून त्यांना तसं हसताना मी बघितलं नव्हतं. "दमलास होय रे तुक्या," ते म्हणाले. "सगळ्यांना मिळाला, तुला कुणी दिला नाही. घे." आणि घड्याळाकडे एक नजर टाकून त्यांनी तो द्रोण जमिनीवर ठेवला.

मी दारात होते. पाच पावलांवर. "नो" एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? माझ्या तोंडात तो शब्द आलाही होता. पण माझ्या मागे देशपांडेकाकू आणि आणखी दोघी उभ्या होत्या, आजोबांचा हात त्याच्या कानांमागे फिरत होता, आणि प्रसाद नको असं कुणाला म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. प्रसाद देतानाही कुणी अडवत नाही आणि घेतानाही कुणी नाही म्हणत नाही, हेच मी आयुष्यभर बघितलेलं. मी हे सगळं मनात म्हणेपर्यंत द्रोण चाटूनपुसून साफ झाला. या वयात मी स्वतःला बऱ्याच गोष्टी माफ केल्या आहेत. ती पाच पावलं अजून माफ केलेली नाहीत.

द्रोण मी उचलला आणि बाथरूममध्ये जाऊन आयपॅडवर शोधलं. मूत्रपिंडं बंद पडू शकतात असं लिहिलं होतं. एखाद्या कुत्र्याला थोडे खाऊनही होतं, एखाद्याला पुष्कळ खाऊनही होत नाही, पण वाट बघू नका, दोन तासांच्या आत डॉक्टरकडे न्या. मी बाहेर आले आणि पंगतीला बसले. हो, बसले. मसालेभात, मठ्ठा, जिलबी, सगळं माझ्या पानात होतं, आणि मी प्रत्येक घासाला उठून तुइस्कू कुठे आहे ते बघून येत होते. सांगायचं तर आजोबांनी दिला हे सांगावं लागणार. चाळीस माणसांत. ज्या बेदाण्यांचं ते कौतुक करत होते त्यांनीच एल्सीचा कुत्रा मरणार, हे त्यांना मी सांगायचं? एकदा मी आईजवळ गेले. ती बायकांना हळदीकुंकू देत होती. "नंतर गं, मृणू," ती म्हणाली, आणि मला बरंच वाटलं. न सांगायला आणखी एक कारण मिळालं ना.

पावणेतीनच्या सुमाराला मुलं जिन्यावरून धडाधडा खाली आली आणि मागच्या अंगणात पळाली. तुइस्कू उठला नाही. दारातच पडून राहिला, डोळे उघडे, पण मान वर केली नाही. एवढा कळप डोळ्यांदेखत पांगला आणि त्यानं तो पांगू दिला. मी धावत बेसमेंटमध्ये गेले आणि बाबांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, तुइस्कूला मी बेदाणे दिले. इट्स पॉयझन फॉर डॉग्ज. प्लीज चला."

पाच मिनिटांत आम्ही गाडीत होतो. आजोबांनी काचेतून कुत्र्याला उचलून नेताना पाहिलं असावं, कारण गॅरेजचं दार वर जातंय तोवर ते बूट हातात घेऊन आले आणि मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले. "काय झालं?"

"मृणालनं याला बेदाणे दिलेत," बाबा म्हणाले. "कुत्र्यांना विष असतं म्हणे. आता इमर्जन्सीला नेतोय."

"बेदाणे?" आजोबा म्हणाले. "अरे, आमच्याकडे बाळंतिणीला देतात." मग जरा वेळानं माझ्याकडे न बघता, "किती दिलेस?"

"दोन-तीन," मी म्हणाले.

तुइस्कूचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि आजोबा घड्याळाची काच अंगठ्यानं पुसत होते, पुन्हा पुन्हा. दोन-तीन बेदाण्यांना एवढी धावपळ, तर मग अख्ख्या द्रोणाचं काय, हा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला असणार, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की मी त्यांना वाचवलं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं त्याच्या पोटावर हात फिरवत विचारलं, काय खाल्लं, किती, केव्हा. मी इंग्रजीत सांगितलं, मी दिले, दोन किंवा तीन बेदाणे, अर्ध्या तासापूर्वी. अर्धा तास का म्हणाले? कारण खरी वेळ सांगितली असती तर मी इतका वेळ काय करत होते असं तिनं विचारलं असतं. ती म्हणाली, ठीक आहे, लवकर आणलंत, आपण त्याला उलटी करायला लावू आणि सगळं नीट वाटलं तर संध्याकाळी घरी नेता येईल. मी सुटकेचा श्वास सोडला. लाज वाटते लिहिताना, पण सोडला.

"नो," आजोबा म्हणाले.

त्यांना आलेलं इंग्रजी म्हणजे स्टँडवरच्या परदेशी प्रवाशांना गाडीची वेळ सांगण्यापुरतं. ते टेबलाजवळ आले. "नॉट थर्टी मिनिट. वन ट्वेंटी." त्यांनी घड्याळावर एक वाजून वीस मिनिटांच्या जागी बोट ठेवलं. "नॉट टू-थ्री. फुल." दोन्ही हातांनी त्यांनी द्रोणाचा आकार केला. "फिफ्टी. मोअर. धिस गर्ल नॉट गिव्ह. आय गिव्ह. माय हँड." आणि तो उजवा हात त्यांनी तिच्यासमोर धरून ठेवला, जणू ती त्यावर काही मारणार होती.

डॉक्टरनं बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. मी मान खाली घातली. तिला तेवढं उत्तर पुरलं. तिनं कुणाला तरी हाक मारली आणि तुइस्कूला उचलून आत नेलं. उलटीचं इंजेक्शन, मग कोळशासारखं काहीतरी पोटात, मग सलाईन, दोन दिवस तिथेच ठेवावं लागेल, दर काही तासांनी रक्त तपासू, असं बाहेर येऊन तिनं सांगितलं. वाचेल का, या प्रश्नाला ती म्हणाली, आत्ता सांगता येत नाही. मग म्हणाली, खरी वेळ आणि खरं प्रमाण कळलं हे फार बरं झालं.

बाहेरच्या बाकावर आजोबा आणि मी बसलो. बाबा आईला फोन करत होते. "तू तिथंच होतीस ना," आजोबा म्हणाले. विचारलं नाही त्यांनी, नुसतं म्हणाले. मी हो म्हटलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला सांगायचंस की गं. मी तोंडात हात घालून काढले असते."

मी रडत म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं असतं. सगळ्यांसमोर."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "तासभर वाटलं असतं." "मीसुद्धा गाडीतच बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही. तू लहान आहेस. मला काय धाड भरली होती?" त्यांचा हात बाकावर आमच्या दोघांच्या मधे होता. मी तो धरला नाही. धरायला हवा होता.

पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाला ओरडलं नाही, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. आई शाळेचा डबा देताना फक्त म्हणाली, "खोटं आपल्या माणसांसाठी बोललीस हे कळतं गं मला. पण ते त्या कुत्र्याला पचलं नसतं." सकाळ-संध्याकाळ दवाखान्याचा फोन यायचा आणि बाबा मूत्रपिंडांच्या तपासणीचा एक आकडा कागदावर लिहायचे. सोमवारी तो थोडा चढला. आजोबांनी उरलेले बेदाणे उचलून कचऱ्यात टाकले, आणि गावाकडून आणलेली वस्तू टाकताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. घरात टकटक नव्हती. संध्याकाळी चौघं टेबलाशी बसलो तेव्हा दाराकडे कुणी बघत नव्हतं. मंगळवारी दुपारी आकडा उतरला आणि संध्याकाळी आणखी उतरला. बुधवारी आम्ही त्याला घरी आणलं, पुढच्या पायाचे केस सलाईनसाठी भादरलेले, चाल जरा डळमळीत. आत येताच त्यानं सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली. आजोबा बाथरूमचं दार लावून रडले ते मी ऐकलं. माझ्या घरात आजही बेदाण्याची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर असते, आणि मी कधी कुत्रा पाळलेला नाही.

एल्सीला बाबांनी रिहॅबमध्ये फोन करून सांगितलं होतं, पण जरा गुळमुळीत. पूजेच्या गडबडीत काहीतरी खाल्लं, आता छान आहे, असं. बाबांचंही चुकलं नाही, म्हातारी अंथरुणावर होती. एल्सी काठी घेऊन घरी आली त्या दुपारी आजोबा मला म्हणाले, "चल. मी बोलतो, तू इंग्रजीत सांग. जसंच्या तसं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही." आम्ही तिच्या पुढच्या खोलीत बसलो. तुइस्कू तिच्या पायांशी, त्या भादरलेल्या पायावर हनुवटी ठेवून. आजोबा मराठीत म्हणाले, "कुत्र्याला बेदाणे मी घातले. माझ्या हातानं, पुष्कळ. मला ठाऊक नव्हतं. पण तुमचा कुत्रा माझ्यामुळे मरायला टेकला होता. मी माफी मागतो." ते थांबले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या बोलण्यात माझं नाव कुठेही नव्हतं.

मी त्यांचं सगळं सांगितलं. मग मी थांबले नाही. मी सांगितलं की मला माहीत होतं, यादी मला पाठ होती, मी दारात उभी राहून बघितलं आणि बोलले नाही, आणि नंतर दीड तास जेवत बसले, आणि डॉक्टरशीही खोटं बोलले.

एल्सी बराच वेळ तुइस्कूच्या मानेतले केस बोटांनी सोडवत राहिली. मग म्हणाली, "मला सांगितलंत, बरं केलंत. पण मी आता काही दिवस रागावणार आहे. तो ओसरला की मी फोन करीन. तोवर येऊ नका." तिनं आमच्यासाठी दार उघडून धरलं. तुइस्कू उठून दारापर्यंत आला, आमच्याकडे बघितलं, मग मागे वळून तिच्याकडे, आणि तिथेच मधे उभा राहिला.

ड्राइव्हवेवर आल्यावर आजोबा म्हणाले, "काय सांगितलंस तिला? मी एवढं लांब बोललो नव्हतो."

"थोडं माझंही होतं," मी म्हणाले.

ते चालायचे थांबले. तिचं दार आतून बंद झाल्याचा आवाज आला. "मग? बरं वाटतंय आता?"

"नाही."

"मलाही नाही," आजोबा म्हणाले, आणि आम्ही दोघं घराकडे चालू लागलो.